तुमची ओळख, कंपनीची जाहिरात

रात्रीचे सव्वानऊ वाजलेले असतात. जेवणं उरकलेली, ओट्याची आवराआवर चाललेली. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो : ‘डिअर टीम, नव्या मॉडेलचं पोस्टर सोबत आहे. सर्वांनी स्टेटसला ठेवावं, फेसबुक आणि लिंक्डइनवर शेअर करावं. कॅप्शन खाली दिलं आहे. स्क्रीनशॉट उद्या अकरापर्यंत ग्रुपवर टाकावेत.’ पाच मिनिटांत अंगठे यायला लागतात, मग एकेक स्क्रीनशॉट. ज्यांचे येत नाहीत त्यांची नावं दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा येतात, वर ‘जेंटल रिमाइंडर’ असं लिहून.

हा मेसेज तुम्हालाही आला असेल. बँकेत असा, विमा कंपनीत असा, खासगी शाळेत शिकवत असा, बिल्डरकडे असा की आयटीत, थोड्याफार फरकाने हेच. पाण्याचे फिल्टर विकणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत मी सहा वर्षं मार्केटिंगमध्ये होते आणि ते ‘खाली दिलेलं कॅप्शन’ मीच लिहायचे. हा व्यवहार आतून कसा चालतो ते मला ठाऊक आहे. तो नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्यात जे भांडवल वापरलं जातं ते कंपनीचं नसतं. ते तुमचं असतं, आणि ते खर्च झालं हे बऱ्याचदा फार उशिरा कळतं.

हे चालतं कसं

मार्केटिंगवाले याला ‘एम्प्लॉयी अ‍ॅडव्होकसी’ म्हणतात. आपण जिला माउथ पब्लिसिटी म्हणतो तीच ही, पण ठरवून केलेली. एखाद्या गिऱ्हाइकाला वस्तू आवडते, ते शेजारी सांगतं, शेजारी पुढे सांगतो. ही झाली आपोआप होणारी माउथ पब्लिसिटी. इथे सांगणारा माणूस कंपनीच्या पगारावर असतो, काय सांगायचं ते कंपनी लिहून देते आणि सांगण्याची जागा मात्र त्याची स्वतःची असते : त्याचं फेसबुक, त्याचं लिंक्डइन, त्याचं स्टेटस.

मोठ्या कंपन्यांत यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर घेतात. हूटसूटचं ‘अ‍ॅम्प्लिफाय’ आहे, ‘एव्हरीवनसोशल’ आहे. लिंक्डइनने स्वतःच २०१५ मध्ये ‘एलिव्हेट’ नावाचं असं साधन काढलं होतं. पुढे ते बंद करून तशीच सोय कंपन्यांच्या पानांवर दिली. या सगळ्यांची रीत साधारण एकच. मार्केटिंगचा माणूस तयार पोस्ट अ‍ॅपमध्ये टाकतो. कर्मचाऱ्यांनी आपापली खाती त्या अ‍ॅपला जोडलेली असतात. बटण दाबलं की पोस्ट कर्मचाऱ्याच्या नावाने बाहेर पडते. प्रत्येकाच्या लिंकला वेगळी खूण असल्यामुळे कोणाच्या पोस्टवरून किती जणांनी क्लिक केलं, किती चौकशा आल्या, हे ऑफिसात बसून दिसतं. त्यावर गुण, गुणांवरून लीडरबोर्ड, पहिल्या तिघांना शॉपिंग व्हाउचर. लहान कंपन्यांत हेच काम व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि एक एक्सेल शीट करते.

या सगळ्याचा जो अहवाल बनतो त्यात एक रकाना असतो, जो बहुतेक कर्मचाऱ्यांच्या नजरेस कधीच पडत नाही. त्याचं नाव ‘अर्न्ड मीडिया व्हॅल्यू’. म्हणजे माणसांनी फुकट केलेली ही जाहिरात पैसे देऊन केली असती तर किती खर्च आला असता? समजा कंपनीत २०० माणसं आहेत आणि प्रत्येकाची पोस्ट सरासरी १५० जणांनी पाहिली. झाल्या ३०,००० नजरा. तेवढ्याच नजरा फेसबुककडून विकत घेताना हजारामागे १५० रुपये पडतात असं धरलं, तर एका पोस्टमागे ४,५०० रुपये वाचले. आठवड्याला तीन, म्हणजे वर्षाला दीडशेच्या आसपास पोस्ट धरल्या तर पावणेसात लाख. आकडे समजावण्यापुरते मी घेतलेले आहेत, पण हिशोबाची पद्धत अगदी हीच. दर तिमाहीला अशी एक स्लाइड मी बनवायचे. ज्या दोनशे जणांच्या ओळखीतून ती रक्कम आली त्यांना ती स्लाइड कधी दाखवली गेली नाही.

कंपन्यांना माणसांची गरज का पडली

फेसबुक नवीन होतं तेव्हा कंपनीने आपलं पान काढलं, लोकांनी ते लाईक केलं, की कंपनीची पोस्ट त्यांच्यापर्यंत जायची. पुढे गर्दी वाढली, जाहिरातीचा धंदा वाढला आणि फुकट पोहोचणं आटत गेलं. ओगिल्वी या जाहिरात संस्थेने शंभराहून अधिक ब्रँडची पानं तपासली होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये पानाची पोस्ट त्याच्या चाहत्यांपैकी साधारण १२ टक्के लोकांना दिसत होती. फेब्रुवारी २०१४ पर्यंत ते प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी जाहीरच केलं की न्यूज फीडमध्ये यापुढे कंपन्यांपेक्षा मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना जास्त जागा मिळेल. कंपनीच्या पानाला दार बंद झालं, पण कंपनीत काम करणाऱ्या माणसांना ते उघडंच होतं.

दुसरं कारण भरवशाचं. नील्सन या संस्थेने ५६ देशांतल्या २८,००० हून अधिक लोकांना विचारून २०१२ मध्ये अहवाल काढला होता. मित्र आणि नातेवाईक यांच्या शिफारशीवर विश्वास ठेवतो असं ९२ टक्के लोकांनी सांगितलं. २०१५ च्या पाहणीत हा आकडा ८३ होता, तरी बाकी सगळ्या जाहिरातींच्या वरच. या विषयावरचं जवळजवळ प्रत्येक प्रेझेंटेशन याच आकड्याने सुरू होतं. माझंही व्हायचं. पण त्या ९२ टक्क्यांच्या डोळ्यांसमोर कोणता मित्र असेल याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. ज्याला त्या वस्तूतून काही मिळायचं नाही, असाच मित्र त्यांच्या मनात असणार. कंपनीने लिहून दिलेलं कॅप्शन चिकटवणारा मित्र त्या आकड्यात मोजलेला नव्हता, आणि आम्ही मात्र तो आकडा त्याच्या नावावर खपवत होतो.

तिसरं कारण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये ‘दूरच्या ओळखींचं बळ’ मांडलं. बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती त्यांना त्याने विचारलं, ज्याने ही खबर दिली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? वारंवार भेटणारे फक्त १७ टक्क्यांच्या आसपास निघाले. उरलेले सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. कारण उघड आहे. जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी खबर येते ती दूरच्या ओळखीतून.

आता हे कंपनीच्या बाजूने पाहा. ऑफिसातल्या दोनशे जणांची जवळची माणसं बरीचशी तीच ती असतात, एकमेकांचे सहकारीच. पण तुमचा दहावीच्या बॅचचा ग्रुप, मुलाच्या वर्गातल्या आयांचा ग्रुप, जुन्या सोसायटीतले शेजारी, गावाकडच्या भावकीचा ग्रुप हे सगळं फक्त तुमच्याकडे आहे. भावकीच्या ग्रुपमध्ये कितीही पैसे मोजले तरी कोणत्याही जाहिरात संस्थेला शिरता येत नाही. तिथे शिरणारी एकच वाट आहे, ती म्हणजे तुम्ही.

पत आणि भीड

मार्केटिंगच्या पुस्तकांत ‘ट्रस्ट’ हा एकच शब्द सगळीकडे असतो. मराठीत त्या जागी दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळे ठेवले की बरंच काही स्पष्ट होतं.

एक पत. लोक तुमच्या शब्दावर किती विसंबतात, ती तुमची पत. ती बचतीसारखी हळूहळू साठते. उसने घेतलेले पैसे वेळेवर परत केलेत, आजारपणात योग्य डॉक्टर सुचवलात, ‘तो फ्लॅट घेऊ नकोस, तिथे उन्हाळ्यात पाणी नसतं’ असं वेळेवर सांगितलंत, की तिच्यात थोडी भर पडते. या पतीच्या जोरावर आपण कोणासाठी शब्द टाकतो. आणि शब्द टाकणं हा खर्च आहे हे आपल्या आधीच्या पिढ्यांना पक्कं ठाऊक होतं. माझे आजोबा कोणाच्या नोकरीसाठी शब्द टाकायचा झाला तर दोन दिवस विचार करत.

दुसरी भीड. समोरच्याला ‘नाही’ म्हणताना जीभ अडखळते, ती भीड. वस्तू नको असते, परवडणारी नसते, पण सांगणारा आपला असतो. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण उगाच पडलेली नाही. भिडेखातर हो म्हणणाऱ्याचं नुकसान होतंच होतं. कंपनी तुमच्या पतीबद्दल बोलते, पण तिच्यासोबत तुमच्या लोकांची भीडही वापरली जाते. तुमच्या पोस्टला भावजयीने लाईक केलं ते फिल्टर आवडला म्हणून केलेलं नसतं. तुमची पोस्ट आहे म्हणून केलेलं असतं. अहवालात मात्र दोन्ही लाईक सारखेच मोजले जातात.

भिडेवर विक्री ही काही इंटरनेटने आणलेली गोष्ट नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत टपरवेअरचे डबे दुकानांत खपत नव्हते. ब्राऊनी वाईज या बाईंनी ते घरगुती पार्ट्यांमधून इतके विकून दाखवले की १९५१ मध्ये कंपनीने दुकानांतून माल काढूनच घेतला. यजमानीण आपल्या मैत्रिणींना घरी बोलवायची, डबे दाखवले जायचे आणि यजमानीणबाईंना भेटवस्तू मिळायची. भारतात ही पद्धत १९९६ मध्ये आली. आपल्याकडच्या भिशीला ती परकी वाटण्याचं कारणच नव्हतं. फ्रेंझेन आणि डेव्हिस या दोन अभ्यासकांनी १९९० मध्ये अशाच घरगुती विक्रीचा अभ्यास केला. खरेदी करायची की नाही हे ठरताना यजमानिणीशी असलेलं नातं आणि तिचं आपल्यावरचं ऋण यांचा मोठा वाटा असतो, असं त्यांना आढळलं. भीड हा शब्द त्यांच्याकडे नव्हता, पण मोजली त्यांनी तीच.

विम्याच्या धंद्यातही नव्या एजंटच्या नातलगांना आणि मित्रांना ‘नॅचरल मार्केट’ म्हणतात. पहिल्या पॉलिसी काका, मामा, शाळेतला मित्र यांच्याच. आपल्या घरांत अशी एखादी पॉलिसी असतेच, जी का घेतली याचं उत्तर ‘अरे, दिलीप आला होता’ एवढंच असतं.

मावशीचा फिल्टर

एका दिवाळीच्या मोहिमेसाठी मी कॅप्शन लिहिलं होतं : ‘माझ्या घरच्यांसाठी मी हाच निवडला.’ दोनशे माणसांनी ते आपापल्या नावावर टाकलं. मीही टाकलं. त्या वेळी माझ्या स्वतःच्या घरी साधा मेणबत्तीवाला स्टीलचा फिल्टर होता. दुसऱ्या दिवशी कराडहून मावशीचा फोन आला. ‘अगं, तुझ्या घरी तोच आहे म्हणतेस ना, मग आम्हीपण तोच घेतो. दुकानदार काहीही गळ्यात मारतात.’ मी तिला खरं सांगितलं नाही. महिन्याचं टार्गेट होतं, आणि ‘घेते आहे ती तिच्या मनाने’ असं मी स्वतःला समजावलं.

पुढच्या दिवाळीला भाऊबीज करून मी कराडला गेले. ओट्याच्या वर भिंतीला फिल्टर होता, त्याच्यावर क्रोशाचा पांढरा रुमाल टाकलेला, देव्हाऱ्यावर टाकतात तसा. खाली ओट्यावर मोठ्या पातेल्यात उकळलेलं पाणी निवत ठेवलेलं, त्यावर मलमलचं फडकं. मी विचारलं तेव्हा काकांनी पेपरात डोकं घातलं. मावशी म्हणाली, ‘सहा महिने झाले, बंदच आहे तो. काका फोन करून करून दमले. माणूस येतो म्हणतात, येत नाही. तुला मुद्दामच सांगितलं नाही. तुला ऑफिसात बोल लागले असते.’

त्या वाक्याने मला जे शिकवलं ते सहा वर्षांच्या नोकरीने शिकवलं नव्हतं. भीड दोन्ही दिशांना चालते. घेतानाही, आणि तक्रार करतानाही. हाच फिल्टर तिने गावातल्या दुकानातून घेतला असता तर ती दुकानदाराच्या दारात उभी राहिली असती, चार शेजारणींना सांगितलं असतं, भाच्याला सांगून ऑनलाइन एक तारा द्यायला लावला असता. माझ्यामुळे घेतला म्हणून ती गप्प बसली. कंपनीच्या दृष्टीने ही आदर्श विक्री झाली : जाहिरातीचा खर्च शून्य आणि बाहेर बदनामीही शून्य. ओळखीतून झालेल्या विक्रीचं हे दुसरं अंग कोणत्याच स्लाइडवर येत नाही. चांगलं ते ओळखीतून पसरतं, वाईट ते ओळखीतच जिरतं.

मी मागे लागून फिल्टर दुरुस्त करून घेतला. पण त्यानंतर ‘यातलं कोणतं घेऊ गं?’ असं मावशीने मला पुन्हा विचारलेलं नाही. फ्रिज घेतला तो तिने मामेभावाला विचारून घेतला.

टार्गेट जोडलं की काय होतं

शेअर करणं एकदा का अप्रेझलला जोडलं गेलं की पुढची घसरण फार लवकर होते. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं उदाहरण सगळ्यांत बोलकं आहे. प्रत्येक ग्राहकाला बँकेची आठ उत्पादनं विकायची, असं तिथलं घोषवाक्य होतं. शाखेतल्या कर्मचाऱ्यांवर रोजचे कोटे होते. डिसेंबर २०१३ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने बातमी छापली की कोटा भरण्यासाठी कर्मचारी घरच्यांना आणि मित्रांना खाती उघडायची गळ घालतात. घरची माणसं संपली की पुढे अनोळखी ग्राहकांच्या नावावर, त्यांना न विचारता. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. संमतीशिवाय उघडलेली खाती आणि कार्डं मिळून सुमारे २० लाख असावीत असा तेव्हाचा अंदाज होता. ५,३०० च्या आसपास कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. सुरुवातीची खाती कित्येकांनी आपल्याच माणसांच्या भिडेवर उघडली होती, ही गोष्ट त्या मोठ्या आकड्यांखाली दबून गेली.

आपल्याकडे याचं रोजचं रूप म्हणजे ‘रेफरन्स’. नव्याने रुजू झालेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगतात, फोनमधल्या ओळखीच्या पन्नास जणांची नावं आणि नंबर लिहून दे. तो नंबर तुमच्या फोनमध्ये असला तरी माहिती त्या मित्राची आहे, आणि ती पुढे द्यायला त्याने तुम्हाला परवानगी दिलेली नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभा हाच आहे : संमती ज्याची माहिती आहे त्याची हवी, आणि ती मोकळ्या मनाने व समजून दिलेली हवी.

कायदा काय म्हणतो

या विषयातलं एक प्रकरण मला तंतोतंत ओळखीचं वाटतं. २०१२ च्या सुरुवातीला सोनी कंपनी प्लेस्टेशन व्हिटा हा हातात धरून खेळायचा गेम बाजारात आणत होती. जाहिरातीचं काम डॉइच एलए या एजन्सीकडे होतं. तिथल्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याने सगळ्या सहकाऱ्यांना मेल पाठवला : आपापल्या ट्विटर खात्यावरून व्हिटाबद्दल लिहा, सोबत ‘गेमचेंजर’ हा हॅशटॅग लावा. अनेकांनी लिहिलं. वाचणाऱ्याला वाटावं की गेमवर खूश असलेला कोणी तरुण बोलतो आहे. लिहिणारा त्याच जाहिरातीवर पगार घेतो, हे कोणीच लिहिलं नव्हतं. ही ग्राहकांची फसवणूक आहे, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहित पाहणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, केला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये एजन्सीशी झालेली तडजोड जाहीर झाली. मेलमध्ये काही भयंकर नव्हतं. आमच्या सव्वानऊच्या मेसेजसारखाच होता तो.

त्याच कमिशनने २००९ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत हे आधीच लिहून ठेवलं होतं. कंपनीचा कर्मचारी कंपनीच्या मालाची तारीफ इंटरनेटवर करत असेल, तर तो कर्मचारी आहे हे वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे. पुढे संडे रायली या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचं प्रकरण आलं, त्यात कर्मचाऱ्यांकडून खोटी खाती उघडून सेफोरा या प्रसाधनं विकणाऱ्या दुकानाच्या साइटवर परीक्षणं लिहून घेतली जात होती. ऑक्टोबर २०२४ पासून अमेरिकेत खोट्या परीक्षणांविरुद्ध वेगळा नियमच लागू झाला आहे, आणि त्यात कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांकडून लिहून घेण्याचाही विचार केलेला आहे.

भारतातही ही पोकळी राहिलेली नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत म्हटलं आहे की शिफारस करणारा आणि कंपनी यांच्यात असा संबंध असेल ज्याने शिफारशीचं वजन बदलतं, आणि पाहणाऱ्याला तो संबंध सहज कळणारा नसेल, तर तो पूर्णपणे उघड करावा लागेल. जाहिरात क्षेत्राची स्वनियामक संस्था ‘अ‍ॅस्की’ने जून २०२१ पासून लागू केलेल्या नियमांत अशा संबंधांची यादीच दिली आहे, पैसे, फुकट वस्तू, सहली यांच्या सोबतीने त्यात नोकरीचं नातंही आहे. पोस्टवर लावायच्या लेबलांमध्ये ‘एम्प्लॉयी’ हा शब्दही आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत.

हे झालं वाचणाऱ्याच्या बाजूचं. पोस्ट टाकायला भाग पाडलेल्या कर्मचाऱ्याचं काय? अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १ जानेवारी २०१६ पासून कायदा आहे की मालकाने कर्मचाऱ्याला त्याच्या खासगी खात्यावर कंपनीची जाहिरात करायला भाग पाडू नये. आपल्याकडे इतकी थेट तरतूद नाही. असायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. पगार आठ-नऊ तासांच्या कामाचा असतो. भावकीच्या ग्रुपमध्ये तुम्हाला जो मान आहे तो ऑफर लेटरमध्ये लिहून दिलेला नसतो.

मग सगळंच वाईट का?

नाही. आपल्या कामाचा अभिमान असलेला माणूस त्याबद्दल बोलतो, आणि ते ऐकायला छान वाटतं. ऑफिसात जागा रिकामी आहे हे कोणी आपल्या ग्रुपवर सांगितलं तर कित्येक घरांत त्यातून चूल पेटते. ग्रॅनोव्हेटरने जे पाहिलं ते हेच. डेलसारख्या कंपनीने २०१० पासून कर्मचाऱ्यांसाठी सोशल मीडियाचं प्रशिक्षणच सुरू केलं. आपण डेलचे आहोत हे सांगून स्वतःच्या शब्दांत बोलायचं, असा त्याचा रोख होता.

‘मी इथे कामाला आहे’ असं सांगितलं की पोस्टचा परिणाम जातो, असं मार्केटिंगमध्ये पुष्कळांना वाटतं. मलाही वाटायचं. नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या वॉल्टर कार्ल यांनी २००६ मध्ये बझएजंट या कंपनीच्या स्वयंसेवकांचा अभ्यास केला. हे लोक नव्या वस्तूंबद्दल ओळखीच्या लोकांशी बोलायचे. समोरच्याला हा संबंध कळल्यावर बहुतेकांना त्याने काही फरक पडला नाही. माणसाला सांगणाऱ्याचा स्वार्थ चालतो, लपवलेला स्वार्थ चालत नाही.

आणि उघड सांगूनही शब्द उसने असतील तर तेही लोकांना लगेच कळतं. २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपल्या गोदामांतल्या काही कामगारांना ट्विटरवर बसवलं होतं. त्यांच्या नावापुढे ते कंपनीचे ‘अ‍ॅम्बेसेडर’ आहेत असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण सगळ्यांची भाषा इतकी सारखी, सगळे इतके समाधानी, की कोणाचा विश्वास बसला नाही. त्यांची नक्कल करणारी खातीच निघाली, आणि पुढे तो उपक्रम बंद झाला.

म्हणून सव्वानऊचा मेसेज आला की मी आता ओळखीच्या तरुण मुलामुलींना एवढंच सांगते : पोस्टर टाकायचंच असेल तर खालचं कॅप्शन पुसा आणि आपलं वाक्य लिहा. ‘मी या कंपनीत काम करते. हे आमचं नवं मॉडेल. मी स्वतः अजून वापरलेलं नाही. काही अडचण आली तर मला बिनधास्त सांगा, मी ऑफिसात विचारेन.’ यातलं शेवटचं वाक्य सोडू नका, भीड तिथेच सैल होते. स्क्रीनशॉट मागणाऱ्याला तो मिळतो, आणि बहुतेक साहेब कॅप्शन वाचतही नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस निवडक लोकांपुरतं ठेवता येतं. लिंक्डइन कामासाठी आणि फेसबुक घरच्यांसाठी, अशी वाटणी करून ‘फेसबुकवर मी कामाचं टाकत नाही’ असं पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं तर ते बहुधा चालून जातं. तीन वर्षं टाकून मग नाही म्हणणं अवघड जातं.

आमच्या कंपनीत सर्व्हिसला एक गृहस्थ होते. त्यांनी सहा वर्षांत एकही पोस्टर टाकलं नाही, दर वेळी रिमाइंडरमध्ये त्यांचं नाव असायचं. त्यांच्या स्टेटसला अधूनमधून एवढंच असायचं : ‘फिल्टरची मेणबत्ती दर सहा महिन्यांनी बदला. कोणत्याही कंपनीचा असो, बदलायला येत नसेल तर मला फोन करा.’ मावशीचा फिल्टर दुरुस्त करायला सुट्टीच्या दिवशी एसटीने कराडला गेले ते हेच. मावशी आता पाण्याबद्दल काही विचारायचं असलं की त्यांनाच फोन करते.